आधी तंबोरा, मग खाँसाहेब

अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाहीं आवत चैन' ही झिंझोटीतली ठुमरी तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फार जास्त मावत नसे. तेवढ्यात अस्ताई, अंतरा, थोडी सरगम, परत मुखडा असं सगळं येतं आणि कुठेही घाई जाणवत नाही. पहिल्या 'पिया'वरच आवाज जिथे टेकतो, तिथून तो हलावा असं वाटत नाही. हे का होतं, याचं उत्तर 'आवाज गोड होता' असं देऊन भागत नाही. गोड आवाज पुष्कळांचे होते. खाँसाहेबांचा आवाज तर बारीक, उंच पट्टीतला, किंचित नाकातून येणारा. काही जणांना तो पहिल्यांदा ऐकताना परकाच वाटतो. त्यांच्या गाण्याचं मूळ गळ्यात शोधण्याआधी तंबोऱ्यात शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जन्म 1872 सालचा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. आपण त्याला किराणा म्हणतो, आणि घराण्याचं नावही तेच. वडील काले खाँ, चुलते अब्दुल्ला खाँ, घरात गाणं आणि सारंगी दोन्ही. पण या घराण्याची मुळं रुजली ती कृष्णा-तुंगभद्रेच्या मुलखात. बडोद्याच्या दरबारातून खाँसाहेब ताराबाई माने यांच्यासह निघाले, मुंबईत आले आणि पुढे मिरजेला. मिरज तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर खाँसाहेबांची श्रद्धा जडली, तिथल्या चिंचेच्या झाडाखाली त्यांनी गाऊन सेवा केली, आणि आज उरुसात त्याच जागी त्यांच्या नावाची संगीत सभा भरते.

त्यांना मिरज मानवली ती केवळ श्रद्धेमुळे नव्हे. या गावात तंतुवाद्यं बनतात. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातली माणसं एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळली आणि सतारमेकर झाली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमेकाठचा कडू भोपळा. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या दीडशेहून अधिक वर्षांच्या हातांना मिळालेलं आहे. सुरासाठी इतका हट्टी असलेला गवई आणि जवारी काढणारे, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेला गुंजारव आणणारे, कारागीर एकाच गावात राहिले, याचं मोल मोठं आहे. खाँसाहेबांना स्वतःला बीन आणि सारंगी वाजवता येई, वाद्याची डागडुजीही करता येई. तंबोरा त्यांच्यासाठी मागे ठेवायची वस्तू नव्हती.

तंबोऱ्यात नेमकं काय घडतं, ते नीट पाहू. चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाची, पितळी आणि जाड. पुरुषी तंबोरा सुमारे पाच फूट लांब, भोपळ्याचा घेर 50 इंचांच्या आसपास. बायकांच्या पट्टीचा त्याहून लहान आणि तारा बारीक. तारा घोडीवरून, म्हणजे तबलीवर बसवलेल्या आडव्या ठोकळ्यावरून जातात. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घोडीचा माथा व्हायोलिनसारखा धारदार नसतो, रुंद असतो आणि पुढच्या बाजूला अगदी किंचित उतरता. छेडलेली तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते. या टेकण्या-सुटण्यानेच वरचे स्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर फुलतात. साधारण नियम असा की तार जिथे छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू येतो तो उपस्वर वाजत नाही. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिलं की तंबोऱ्यात तोही वाजतो. तार अगदी मध्यावर छेडली तरी दुसरा, चौथा उपस्वर हजर. ही किमया घोडीच्या उताराची.

त्या उतारावर, तारेखाली, सुताचा एक धागा सरकवतात. जवारीचा धागा तो. केसभर मागे-पुढे करायचा. योग्य जागा आली की दबलेली तार एकदम 'खुलते', मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यासारखा गुंजारव सुरू होतो. जागा चुकली तर दोनच गोष्टी होतात: आवाज बंद राहतो, नाहीतर चिरकतो. चारही तारांचे धागे वेगवेगळ्या ठिकाणी बसतात, एका ओळीत ठेवले की चालत नाही. आणि धागा घातल्यावर तार थोडी चढते, म्हणून सूर पुन्हा पाहावा लागतो. पुष्कळ विद्यार्थी आधी धागे घालून मग जुळवायला बसतात आणि अर्धा तास भांडत राहतात. आधी धागे काढून तारा स्वरात आणाव्यात, मग धागा, मग मण्यांनी शेवटची बारीक दुरुस्ती.

मणी हे तर फार दुर्लक्षित प्रकरण. घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी खाली सरकवला की तार चढते, वर घेतला की उतरते. तंबोरा जुळवायला घेताना चारही मणी त्यांच्या वाटेच्या मधोमध आणून ठेवावेत. नाहीतर ऐन मैफलीत तार उतरते आणि मणी आधीच तळाशी गेलेला असतो. मग खुंटीला हात लावण्यावाचून इलाज नाही, आणि खुंटी म्हणजे मोठी उडी. खुंटी पिळताना ती आत दाबत पिळायची. सुटत असेल तर काढून तिला थोडा खडू चोळायचा. वातानुकूलित सभागृहात तंबोरे गवसणीतून काढून निदान अर्धा तास तसेच ठेवावेत. लाकूड आणि तारा तिथल्या हवेला येऊ द्याव्यात. हे न करता लावलेले तंबोरे दहाव्या मिनिटाला ढळतात आणि गवई दर आवर्तनाला मागे वळून पाहू लागतो.

जुळवण्याचा क्रम जोडीपासून. एक जोड आपल्या पट्टीला लावली की दुसरी तिच्याशी मिळवायची. दोन तारांत अगदी थोडा फरक असला तर आवाजात लाटा येतात. सेकंदाला एक कंपन इतकाच फरक असेल तर सेकंदाला एक लाट. पण त्यांच्या चौथ्या उपस्वरात तोच फरक चौपट होतो, म्हणजे वरच्या गुंजनात सेकंदाला चार लाटा. म्हणून तयार कान तारेचा मूळ स्वर ऐकत बसत नाहीत. ते वर, त्या चकाकणाऱ्या भागात ऐकतात. तिथली थरथर थांबली की जोड मिळाली. मग खर्ज. खर्जाची तार बरोबर लागली की तिच्यातून गंधार आपोआप बोलू लागतो. कोणी न छेडलेला, पाचव्या उपस्वराचा. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. पंचमाच्या तारेतून तसाच निषाद आणि रिषभ निघतात. म्हणजे चार तारांत सा आणि प एवढेच लावले, तरी हवेत सा रे ग प नि उभे असतात.

इथे पेटीचा प्रश्न येतो. सप्तकाचे 1200 समान भाग केले तर पेटीतला शुद्ध गंधार 400 वर असतो आणि तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार सुमारे 386 वर. चौदा भागांचा फरक. कानाला तो नक्की कळतो. शब्दांत सांगता येत नाही इतकंच. भूप गाताना पेटीच्या गंधारावर टेकलेला गळा तंबोऱ्याशी भांडत असतो. त्यात चूक गाणाऱ्याची नसते. त्याच्या पुढे एकाच वेळी दोन गंधार ठेवलेले असतात. पंचमात मात्र हा फरक जेमतेम दोन भागांचा, म्हणून सा-पवर सगळं सुरेल वाटतं आणि ग-धवर येऊन बिघडतं.

खाँसाहेबांच्या काळात हा प्रश्न ऐरणीवर होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल 22 श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांचं गणित मांडत होते, त्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक 1910 चं. ई. क्लेमंट्स हे इंग्रज अधिकारी त्यांच्यासोबत होते. श्रुती मोजायच्या तर सूर इतका नेमका लावणारा गळा हवा, आणि तो खाँसाहेबांचा होता. देवल-क्लेमंट्स यांच्या प्रयोगांत त्यांनी मनापासून भाग घेतला. श्रुतींची पेटीही तयार झाली. ती रुजली नाही, आणि त्याचं कारण मला गाण्याच्या स्वभावातच दिसतं. दरबारीतला कोमल गंधार आणि भीमपलासीतला कोमल गंधार या दोन वेगळ्या पट्ट्या बसवून सुटत नाहीत. दरबारीचा गंधार रिषभाच्या बाजूला झुकून हेलकावतो, एका जागी उभाच राहत नाही. त्याची जागा त्याच्या येण्याजाण्याने ठरते. तरीही एका खानदानी उस्तादाने मोजपट्टी घेऊन आलेल्या लोकांसमोर बसून पुन्हा पुन्हा सूर लावावा, ही त्या काळातली मोठीच मोकळीक. विद्या लपवण्याची रीत असलेल्या पिढीतला हा माणूस होता.

तीच मोकळीक त्यांच्या दक्षिणेकडे जाण्यात दिसते. म्हैसूर दरबार, मद्रास, धारवाड-हुबळीचा पट्टा या फेऱ्यांत त्यांनी कर्नाटक संगीत नुसतं ऐकलं नाही, उचललं. त्यागराजांची खरहरप्रियेतली 'राम नी समानमेवरु' ही कृती त्यांनी तबकडीवर गायली आहे. त्यांच्या सरगमेवर दक्षिणेची छाया आहे, हेही कान सांगतो. उत्तरेत तोवर सरगम म्हणजे शिकवण्याचं साधन. ते मैफलीत मानाने बसवलं गेलं त्यात खाँसाहेबांचा वाटा मोठा. आज किराण्याच्या गायकाने सरगम घेतली नाही तर श्रोत्याला चुकल्यासारखं वाटतं.

आता निषादाचा तंबोरा. पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावायची की निषादाला, हे रागावर ठरतं. मालकंसात पंचम नाही, मध्यम राजा, तिथे मध्यम. ललितातही मध्यम. मारवा, पूरिया, सोहनी यांत पंचम वर्ज्य. तिथे मंद्र शुद्ध निषाद. निषाद लावणं सगळ्यात कठीण, कारण सा आणि प यांची मैत्री कान लगेच ओळखतो, पण नि आणि सा यांच्यात फक्त ओढ आहे. निषाद जरा चढला की सा-ला चिकटून गुदमरतो, उतरला की सगळा तंबोरा केविलवाणा होतो. त्याची परीक्षा अशी: पंचमाच्या तारेतून जो निषाद आपोआप निघतो, तो आधी कानात घ्यायचा. दोन तंबोरे असतील तर एक पंचमाचा ठेवून त्याच्या गुंजनातल्या निषादाशी दुसऱ्याची तार मिळवायची. एकच असेल तर पहिली तार आधी पंचमाला लावायची, तिच्यातला निषाद गळ्यात धरायचा आणि मग ती तार तिथवर चढवायची. बरोबर बसली की तिच्यातून तीव्र मध्यम झिरपतो, आणि पूरियाची अर्धी इमारत गायला सुरुवात करण्याआधीच उभी राहते. पंचमाचा एक आणि निषादाचा एक असे दोन तंबोरे घेऊन बसण्याची किराण्याच्या गायकांना गोडी आहे, ती याच भरलेल्या हवेसाठी.

छेडण्याचंही तसंच. पंचमाला मधलं बोट, बाकी तिन्हींना तर्जनी. नखाने नाही, बोटाच्या मांसल कडेने. तारेच्या मध्याच्या आसपास, दांडीच्या बाजूला. लय तबल्याशी बांधायची नाही. मागे बसलेला विद्यार्थी तीनतालात रंगून तंबोऱ्यावर ठेका धरू लागला की सुरांची चादर फाटते.

अशा तंबोऱ्यात बसून खाँसाहेबांची बढत ऐकली की तिचा अर्थ उलगडतो. षड्ज मुळात इतका भरलेला आहे की पुढच्या स्वराकडे जाण्याची गरज वाटायला वेळ लागतो. म्हणून किराण्यात आलापी एकेका स्वराने पुढे सरकते, त्या स्वराचं तंबोऱ्याशी असलेलं नातं पुरतं तपासून. लयकारीचे डाव, बोलांची कुस्ती त्यांनी जवळपास सोडून दिली. तालाचा धागा त्यांच्या गाण्यात सैल आहे, असा आक्षेप त्यांच्या हयातीपासून आहे, आणि तो खोटा नाही. आग्र्याच्या किंवा जयपूरच्या गाण्यात समेची जी वाट पाहायला लावतात, तो आनंद इथे मिळणार नाही. त्यांनी एका गोष्टीसाठी दुसरी सोडली. 'सूर गया तो सिर गया, ताल गया तो बाल गया' ही गवयांमधली म्हण त्यांनी शब्दशः जगून दाखवली.

घरात मात्र मोठी पडझड झाली. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, मुलांनी माने हे नाव लावलं. सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव, सरस्वती ही पाचही मुलं गाण्यात आली. हिराबाई बडोदेकरांची पुढची तालीम अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे झाली. पण त्यांचा षड्ज ऐकावा, सरस्वतीबाई राण्यांचा ऐकावा. वडिलांचं नाव गाळता आलं, सूर गाळता आला नाही. सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडून तो प्रभाताई अत्र्यांपर्यंत आला.

दुसरी शाखा हुबळीजवळच्या कुंदगोळची. 1913 मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, पुढे मुंबईतही. पण त्यांची खरी शाळा म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, सवाई गंधर्व. मुळात आवाज फारसा साथ न देणारा, तो त्यांनी मेहनतीने सुरात आणला. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला येत. भीमसेन जोशी लहानपणी खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी ऐकून घर सोडून निघाले, फिरत फिरत शेवटी त्याच सवाई गंधर्वांच्या दारात पोचले. गुरूच्या स्मरणार्थ 1953 मध्ये त्यांनी पुण्यात सुरू केलेला महोत्सव आज हजारो माणसं ऐकतात. भीमसेनजींचा आवाज खाँसाहेबांच्या अगदी उलट, भरदार आणि खालून उसळणारा. वारसा आवाजाच्या जातीचा नव्हता, हे यावरून दिसतं.

27 ऑक्टोबर 1937. मद्रासहून पाँडिचेरीच्या वाटेवर असताना खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागलं, म्हणून सिंगपेरुमाळकोईलच्या स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा लावायला सांगितला, दरबारीच्या सुरात प्रार्थना म्हटली आणि प्राण गेला, असं सांगतात. त्या क्षणीही आधी तंबोरा जुळला. देह मिरजेला आणला, दर्ग्याच्या आवारात दफन झालं.

आज त्यांना ऐकायचं तर एक अडचण आधी दूर करावी लागते. जुन्या तबकड्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या म्हटल्या जातात, पण नक्की किती वेगाने ध्वनिमुद्रण झालं हे प्रत्येक वेळी सारखं नसे. नव्या माध्यमात उतरवतानाही वेग इकडेतिकडे होतो. साधारण 6 टक्के वेग वाढला की पट्टी एका घराने चढते, काळी एकची पांढरी दोन होते, आणि मुळात उंच आवाज किनरा लागतो. मग लोक म्हणतात, हे काय बायकी गाणं. एकाच ठुमरीच्या दोन-तीन प्रती काढून पाहाव्यात. ज्या प्रतीत शब्दांचे उच्चार नैसर्गिक वाटतात, तान कातरल्यासारखी येत नाही, ती धरावी. तबल्याची थापही खूण देते, वेग वाढला की ती टिमकीसारखी वाजते.

मग त्यांचा षड्ज शोधावा. तो बहुतेक वेळा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्येच सापडेल, म्हणून पेटीवर शोधू नये. जुन्या ध्वनिमुद्रणात वरचे सूक्ष्म स्वर टिपले जात नसत, त्यामुळे त्यांच्या मागचे तंबोरे जवळजवळ ऐकूच येत नाहीत. जो गुंजारव त्यांच्या कानात होता, तो आपल्याला मिळत नाही. म्हणून आपला तंबोरा त्यांच्या षड्जाला लावून शेजारी ठेवावा. यंत्रातला असला तरी चालेल, फक्त त्याची बारीक पट्टी हलवता आली पाहिजे. आवाज हळू, आणि त्यावर जोगियातली 'पिया मिलन की आस' लावावी. कोमल धैवतावर ते थांबतात तिथे लक्ष ठेवावं. धैवत पंचमाच्या इतका जवळ येतो की आता मिसळणार असं वाटतं. तो मिसळत नाही, तिथेच अंग चोरून थरथरत राहतो आणि मग अगदी सावकाश पंचमावर उतरतो. तंबोऱ्याशिवाय ऐकलं तर ही नुसती सुंदर मींड आहे. तंबोरा सुरू असला की दोन्ही स्वरांमधली ती चिमूटभर जागा कानाला हाताने चाचपल्यासारखी लागते.